आतून लिंपलेलं दार

एका जंगलात उंच बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याचं एक पिल्लू राहत असे. राहत असे म्हणजे काय, बाळांनो, कोंडलेलंच असे. तुम्ही म्हणाल, कोणी कोंडलं बिचाऱ्याला? तर कोणा दुष्टाने नव्हे. धनेशांची रीतच तशी आहे. अंडं घालायची वेळ आली की धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. आपण चूल लिंपतो ना, तसंच. फक्त शेणमातीऐवजी ती स्वतःची शीट आणि फळांचा गर कालवते आणि चोचीच्या अंगाने थाप थाप थापते. सगळं दार बंद होतं, एक उभी फट तेवढी राहते, चोच जाईल एवढी. मग नर बाहेरून उंबरं आणतो, वडाची फळं आणतो आणि त्या फटीतून एकेक करून आत देतो. आत मादी आपली पिसं गाळून बसलेली असते. उडायची सोय नाही. तिचा सगळा भरवसा त्या फटीवर आणि बाहेरच्या चोचीवर.

तर या पिल्लाचा बाप एके दिवशी सकाळी उंबरं आणायला गेला, तो आलाच नाही. कुठे गेला, काय झालं, कोणाला ठाऊक नाही. जंगलात अशा गोष्टींचा पत्ता लागत नसतो. आईने एक दिवस वाट पाहिली, दोन दिवस पाहिली. तिसऱ्या दिवशी पिल्लाची मान लटपटायला लागली, तेव्हा तिने चोच उचलली आणि दार फोडायला घेतलं.

"आई, कुठे चाललीस?"

"फळं आणायला. इथेच बसून राहिले तर दोघंही वाळून जाऊ."

"मग मीही येतो."

"तुला पिसं कुठे आहेत रे? चार काड्या फुटल्यात अंगावर. माझीच अजून अर्धी आलीत." ती बाहेर अंग काढता काढता थांबली. "हे बघ बाळा, मी गेले की तू आतून दार लिंपून घे. मी कसं करते ते पाहिलं आहेस. शीट नि गर कालवायचा, ओला असतानाच थापायचा."

"तूच लिंप ना बाहेरून."

"बाहेरून लिंपलेलं टिकत नाही. पोपडा धरतो आणि गळून पडतं. हे दार आतल्यानेच लावायचं असतं."

"आणि उघडायचं कधी?"

"ते तुझं तुला कळेल."

"आणि नाही कळलं तर?"

"नाही कळलं तर समज, अजून वेळ आहे," असं म्हणून आई उडाली. उडाली कसली, पडत-सावरत पुढच्या फांदीपर्यंत गेली. अर्ध्या पिसांनी आणखी काय होणार?

पिल्लाने मागे उरलेला ओला लगदा गोळा केला आणि दार लिंपलं. वाकडंतिकडं लिंपलं, एका जागी जाड तर एका जागी पातळ, पण लिंपलं. मधे चोचीपुरती फट ठेवली. मग ते मागे सरून बसलं.

आधी ढोलीत दोघं होती तेव्हा जागा पुरत नसे. आईने कूस बदलली की पिल्लू भिंतीला चिकटायचं आणि कुरकुरायचं. आता तीच ढोली केवढी मोठी झाली! या कडेला बसलं तर ती कडा रिकामी, त्या कडेला बसलं तर ही. आई दिवसातून दोनदा यायची. दोघांनी करायचं काम एकटीवर पडलेलं. फटीतून उंबरं द्यायची, दम खायची आणि जायची. दोन शब्द बोलायला तिला सवड नसायची. बाकीचा सगळा दिवस पिल्लू आणि ती फट. फटीतून एका फांदीचा तुकडा दिसायचा आणि पट्टीसारखं उभं आभाळ. पिल्लाला वाटायचं, जग एवढंच असतं, उभं आणि अरुंद.

कधीमधी कोणी त्या फांदीवर येऊन टेकायचं. एकदा एक पोपट आला.

"आत कोण आहे रे?"

"मी आहे," पिल्लू आनंदाने म्हणालं. "धनेशाचं पिल्लू."

"मग बाहेर ये की."

"अजून वेळ आहे म्हणते आई."

"म्हणजे अजून जाणता झाला नाहीस तर!" पोपटाने मान फुगवून दाखवली. "आमच्यात गळ्याभोवती कंठी आली की जाणता. ही बघ माझी. औंदाच आली. तुला आली का?"

पिल्लाने आपला गळा पाहायचा प्रयत्न केला. मान वाकवली, मान वळवली, स्वतःभोवती एक गिरकी घेतली. आता स्वतःचा गळा स्वतःला कधी दिसतो का? तोवर पोपट हसून उडूनही गेला.

मग शेकरू आलं. त्याची झुपकेदार शेपटी फटीसमोर लोंबत राहिली, म्हणून पिल्लाने शेपटीलाच विचारलं, "काका, जाणता म्हणजे कोण हो?"

"ज्याने स्वतःचं घर बांधलं तो. मी सहा बांधली आहेत."

"सहा कशाला?"

"एकात राहायला," शेकरू म्हणालं, आणि बाकीच्या पाचांचं काय ते न सांगताच पुढच्या झाडावर गेलं.

एक म्हातारी वानरीण यायची, ती तर आत कोण आहे हेही विचारायची नाही. तिचं म्हणणं एकच, "पोराला कडेवरून खाली ढकलावं. रडलं नाही तर जाणतं झालं. रडलं तर पुन्हा घ्यावं." पिल्लाला वाटलं, आपल्याला कोणी ढकलायलासुद्धा नाही.

बाळांनो, शब्द एकच, पण जो तो आपल्या सोयीने वापरतो. तुम्हीसुद्धा ऐकलं असेल. पाण्याची कळशी उचलायची असली की घरचे म्हणतात, "आता काय तू लहान आहेस?" आणि जत्रेला न्या म्हटलं की तेच घरचे म्हणतात, "अजून तू लहान आहेस." तसंच हे. जो तो आपलं माप घेऊन आला, पिल्लाला लावून पाहिलं, बसलं नाही तसा निघून गेला. पुन्हा कोणी आलं नाही.

घोरपड मात्र आली आणि बसली.

दुपारची वेळ होती. ऊन इतकं, की पानसुद्धा हलत नव्हतं. तेवढ्यात खोडावर खर् खर् नखं वाजली आणि फटीसमोर एक खवल्याखवल्यांचं डोकं येऊन थांबलं. तिने कंठी विचारली नाही, घर विचारलं नाही. ती म्हणाली, "करमतं का रे तुला आत एकट्याला?"

पिल्लू फटीजवळ सरकलं. आजवर कोणी हे विचारलं नव्हतं.

"नाही करमत," ते म्हणालं.

"कसं करमेल? मला मावशी म्हण. मी येत जाईन."

आणि ती खरंच येत गेली. रोज दुपारी, आई गेली की थोड्या वेळाने, खोडावर खर् खर् वाजायचं. घोरपड फांदीवर पोट टेकून बसायची आणि बाहेरच्या गोष्टी सांगायची. ओढ्याकाठी कातळ कसा तापतो, करवंदीच्या जाळीत काय काय दडलेलं असतं, एकदा ती एका माकडाच्या शेपटीला फांदी समजून कशी चिकटली होती. पिल्लू हसून हसून भिंतीला आदळायचं. सकाळपासून त्याचे कान खोडाला लागलेले असायचे. आईला मात्र त्याने घोरपडीचं नावही सांगितलं नाही. आई घाईत असायची हे खरं, पण नुसतं तेवढंच कारण नव्हतं. का सांगितलं नाही, असं कोणी विचारलं असतं तर त्यालाही सांगता आलं नसतं.

पाचव्या-सहाव्या दिवशी घोरपड गोष्ट सांगता सांगता थांबली. म्हणाली, "भाच्या, एक बोलू? तू आता जाणता झालास."

"मी?" पिल्लाने मान ताठ केली. "पण मला कंठी नाही. मी घर बांधलेलं नाही."

"त्या उथळांचं सोड रे. कंठी काय, कावळ्याने दोरा अडकवला तरी येईल. समज बघावी लागते. तुझं बोलणं कसं आहे, एखाद्या पोक्त माणसासारखं! आणि एवढा जाणता पोर फटीतून बोलतो, हे मला बघवत नाही. जरा चोच मारून बघ. बोटभर निघालं तर तोंड तरी दिसेल एकमेकांचं."

पिल्लाने चोच मारली. लिंपणाचा एक टवका उडाला आणि खाली गेला. काहीच झालं नाही. आभाळ थोडं रुंद झालं, एवढंच. घोरपड म्हणाली, "पाहिलंस? उगीच भीत होतास."

दुसऱ्या दिवशी आणखी एक टवका. तिसऱ्या दिवशी दोन. आई आली की पिल्लू फट झाकायला तिला पाठ लावून, फुगून बसायचं आणि मान वळवून चोच तेवढी पुढे करायचं. आईला फट नीट दिसायची नाही. उंबरं देऊन ती तशीच निघून जायची. फट बोटाची दोन बोटं झाली, दोन बोटांची चार बोटं झाली.

"आता कसं," घोरपड म्हणायची. "माझं डोकं मावलं ना, की मी आतच येऊन बसेन तुझ्याशेजारी. मग बाहेर बसून ओरडायला नको. अंगाला अंग लावून गोष्ट सांगेन."

अंगाला अंग लावून! ती रिकामी कडा पिल्लाने किती दिवस पाहिली होती. त्याने त्या दिवशी कोणी न सांगता आणखी एक टवका उडवला.

मग एक दिवस असा आला की आई वेळेवर आली नाही. सकाळ गेली, दुपार झाली. गरम वारा सुटला होता. पिल्लाच्या पोटात काही नव्हतं. खोडावर खर् खर् वाजलं, आणि आज घोरपड फांदीवर टेकलीसुद्धा नाही. तिने सरळ डोकं फटीत घातलं. डोळ्यांपर्यंत गेलं, गळ्यापर्यंत गेलं, खांदे अडकले. तिची जीभ बाहेर आली, लांब, दोन टोकांची, गार. ती पिल्लाच्या छातीला लागली, मग पोटाला लागली, मग मांडीला.

"मावशी, काय करतेस?"

"काही नाही रे. माया करते." जीभ पुन्हा आली. "हे बघ, इथला एवढा तुकडा तोड. एवढाच नडतो आहे."

"आई येऊ दे. तिला विचारतो."

घोरपड हसली. "जाणत्याला आई लागते होय रे?"

बाळांनो, या एका वाक्याने भली भली माणसं खड्ड्यात गेली आहेत. ऐकलं की कान तापतात. वाटतं, आत्ताच्या आत्ता दाखवून द्यावं. पिल्लाचेही कान तापले. त्याची चोच त्या तुकड्यापर्यंत गेलीसुद्धा. पण तिथे गेल्यावर त्याला एक गोष्ट दिसली. फट आता एवढी मोठी होती, तरी आत पहिल्यापेक्षा जास्त अंधार होता. उभं आभाळ दिसत नव्हतं, फांदीचा तुकडा दिसत नव्हता. दारात घोरपडीचं डोकं तेवढं होतं. आणि घोरपड त्याच्या तोंडाकडे पाहतच नव्हती. ती त्या तुकड्याकडे पाहत होती.

"लागते," पिल्लू म्हणालं.

"काय?"

"मला आई लागते. मला उडता येत नाही. एक उंबरसुद्धा तोडता येत नाही. मी जाणता नाही, मावशी." आणि असं म्हणून त्याने तिच्या नाकावर चोच हाणली. बाकी अंगावर काही नसलं तरी चोच बऱ्यापैकी जाड झाली होती. घोरपडीने फुत्कारून डोकं मागे ओढलं. तेवढ्यात वरून सुपाने पाखडल्यासारखा आवाज यायला लागला, मोठ्या पंखांचा. धनेश उडतो तेव्हा लांबूनच ऐकू येतो.

"उद्या येते," घोरपड म्हणाली आणि खोडावरून सरसर खाली गेली. आजचा आवाज रोजच्यासारखा नव्हता.

आई फांदीवर उतरली. आज पिल्लाने पाठ केली नाही. आईने फट पाहिली. बराच वेळ पाहिली. मग तिने गळ्यातून दोन उंबरं काढून आत ठेवली.

"आज दोनच मिळाली. जवळची झाडं संपली. ओढ्यापलीकडे गेले होते." आणि मग, "कोणी केलं हे?"

"मी."

"कोणासाठी?"

पिल्लाने सगळं सांगितलं. खर् खर् आवाज, गोष्टी, मावशी, जीभ, सगळं. "ती मला जाणता म्हणाली," हे त्याने सगळ्यात शेवटी सांगितलं, अगदी हळू.

आईने रागावायला चोच उघडली असावी, पण शब्द वेगळाच आला. "मी रोज घाईत असते," ती म्हणाली. "इथे बसले तर फळं कोण आणेल? फळांना गेले तर इथे कोण बसेल? दोन्ही मला जमत नाही रे बाळा."

"ती उद्या येणार आहे."

"येईलच. आणि बाहेरून मला लिंपता येत नाही, तुला ठाऊक आहे." आईने पंख पसरले. "एखादं झाड राहिलं असेल तर बघते." आणि ती गेली, कारण तिच्याजवळ द्यायला आणखी काही नव्हतं.

पिल्लाने पायाखाली पाहिलं. गरम वाऱ्याने सगळी शीट वाळून ठिकऱ्या झाल्या होत्या. कालवायला ओलं काही हवं होतं. ओली फक्त ती दोन उंबरं होती, लाल, पिकलेली, वास सुटलेली. सकाळपासून पोटात कण नव्हता.

त्याने एक उंबर चोचीत धरलं. गिळायला काय लागतं? मान वर केली की गेलं. त्याने मान वर केली नाही. उंबर खाली ठेवलं, फोडलं, त्याचा गर ठिकऱ्यांत कालवला आणि थापायला घेतलं. कडेने सुरुवात केली. थापलं की पायाने दाबायचं, पुन्हा थापायचं. एका उंबरात अर्धी फट भरली. मग ते थांबलं. दुसरं उंबर खाल्लं असतं तर? पंजा जाईल एवढी जागा राहिली असती. पंजाच तर जाईल, सगळी घोरपड थोडीच येईल? भूक असं बोलते, बाळांनो, आणि फार गोड आवाजात बोलते. पिल्लू त्या उंबराकडे बघत राहिलं. मग त्याने तेही फोडलं.

काम संपलं, चोचीपुरती फट तेवढी राहिली, तेव्हा चोचीला थोडी साल चिकटली होती. ती त्याने भिंतीला पुसून पुसून खाल्ली. तेवढंच जेवण.

त्याच गरम वाऱ्याने, ज्याने सगळं वाळवलं होतं, नवं लिंपणही वाळवून दगडासारखं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी खर् खर् वाजलं. घोरपडीने नख घातलं. थोडा भुगा पडला. पुन्हा घातलं. पुन्हा थोडा भुगा पडला. दार हललं नाही.

"हे काय रे भाच्या? आईने लावायला लावलं ना?"

"मीच लावलं."

"अगं बाई! मग आता मी तुला गोष्ट कशी सांगू?"

पिल्लू फटीजवळ आलं. "फटीतून सांग ना," ते म्हणालं. "आधी सांगायचीस तशी."

हे ते चिडवायला म्हणालं नव्हतं. खरंच म्हणालं होतं. तिने एक गोष्ट सांगितली असती तर त्याने ऐकली असती. पण घोरपडीने नख मागे घेतलं. दाराबाहेर बसून सांगायची एकही गोष्ट तिच्याजवळ शिल्लक नव्हती.

"कच्चाच राहिलास," ती म्हणाली.

"हो," पिल्लू म्हणालं.

"मग बस एकटा."

नखं खाली खाली गेली. पिल्लाने कान लावून ऐकलं, आवाज बंद होईपर्यंत ऐकलं, आणि बंद झाल्यावरही थोडा वेळ ऐकलं.

खोटं कशाला सांगू? दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा वाट पाहिली. ती वैरीण होती, खायला आली होती, सगळं कळलं होतं. तरी दुपार झाली की कान खोडाला लागायचे. करमतं का म्हणून विचारणारी ती एकटीच होती ना! शहाणपण आलं म्हणून आठवण यायची थांबते, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

तीन-चार दिवसांनी आई उंबरं देऊन निघाली आणि फांदीवरून परत वळली. म्हणाली, "करमतं का रे तुला?"

"नाही करमत."

"मलाही नाही करमत," आई म्हणाली. ती ज्या वाटेने पिल्लाचा बाप गेला होता तिकडे थोडा वेळ पाहत राहिली. मग उडाली. त्या दोघांचं त्या दिवसांतलं सगळ्यात मोठं बोलणं तेच. पण त्या दिवशी ढोलीची ती दुसरी कडा पिल्लाला जरा कमी रिकामी वाटली.

पुढे काय झालं? पुढे काहीच झालं नाही. दिवस गेले. तुम्ही आंब्याची अढी पाहिली आहे ना? गवतात कैऱ्या घातल्या की पोरं रोज जाऊन दाबून बघतात, झाला का, झाला का. ज्याला सारखं दाबावं त्याला डाग पडतो. तळाशी जो विसरून राहिलेला असतो, तो एक दिवस आपल्या वासानेच हाक मारतो. तसं पिल्लू राहिलं. कोणी येऊन दाबेना. जाणता झालो का, हे विचारायला समोर कोणी नव्हतं, म्हणून ते विचारायचंच विसरलं. काड्यांची पिसं झाली. पिसांना काळा रंग आला, मधे पांढरा पट्टा आला. ते पंख झटकायचं, पुन्हा मिटायचं. फळातली बी चोचीने वर उडवून झेलायचं, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

आणि एका सकाळी त्याने पंख पसरले तर एक पंख या भिंतीला लागला आणि दुसरा त्या भिंतीला. त्याने गिरकी घ्यायचं म्हटलं तर घेता येईना. रिकामी कडा उरलीच नव्हती. ते थोडा वेळ तसंच उभं राहिलं. मग कोणी काही म्हणायच्या आत, कारण म्हणायला कोणी नव्हतंच, त्याने चोच उचलली आणि दार फोडायला घेतलं. आपणच लिंपलेलं, म्हणून कुठे जाड आहे आणि कुठे पातळ आहे, हे त्याला ठाऊक होतं. तरी दुपार झाली.

ते फांदीवर येऊन बसलं. जग उभं नव्हतं, अरुंद नव्हतं. ते सगळीकडे होतं, आणि जवळ कोणी नव्हतं. वाजंत्री नाही, हाक नाही. पोपटांचा एक थवा वरून गेला, त्यातल्या कंठीवाल्याने याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली कातळावर घोरपड ऊन खात पडली होती. तिने मान वर केली.

"झालास बघ आता जाणता!" ती खालून ओरडली.

शब्द तोच होता. पण या वेळी कान तापले नाहीत आणि मानही ताठ झाली नाही. "मावशी, गोष्ट असली तर सांग," पिल्लू म्हणालं. घोरपडीने मान खाली घातली.

समोर दरीपलीकडच्या झाडावर आई बसली होती. चोचीत एक उंबर होतं. रोजच्यासारखी ती जवळ येत नव्हती. उंबर उंच धरून बसली होती नुसती. मधे केवढी मोकळी हवा! पिल्लाने खाली पाहिलं, समोर पाहिलं आणि फांदी सोडली. आधी ते दगडासारखं खाली गेलं, मग सुपाने पाखडल्यासारखा आवाज झाला, आणि तो आवाज आपल्याच पंखांचा आहे हे कळायला त्याला अर्धी दरी लागली.

धडपडत ते आईशेजारी टेकलं. आईने उंबर पुढे केलं. त्याने घेतलं, पण गिळलं नाही. चोचीच्या अगदी टोकावर धरलं, जसं बाप फटीतून द्यायचा तसं, आणि आईपुढे केलं. बाप गेल्यापासून आईला कोणी भरवलं नव्हतं. ती उंबराकडे पाहत राहिली, मग पिल्लाकडे पाहत राहिली. ती त्याला जाणता म्हणाली नाही. तिने मान पुढे केली आणि उंबर घेतलं.

तात्पर्य : "तू जाणता झालास" असं दुसऱ्याने म्हटल्याने कोणी जाणतं होत नाही, ज्याला आपलं कच्चेपण कबूल करून स्वतःचं दार आतून लावता येतं, त्यालाच ते उघडायची वेळ कळते.